रायफलवरचा रेंजफाइंडर, मोबाइलवरचं गणित आणि जांबोटीकडचं वारं

आठ महिने वापरल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मार्गशीर्षात रायफलवर बसणाऱ्या रेंजफाइंडरचं, म्हणजे अंतर मोजणाऱ्या यंत्राचं, पार्सल घेतलं, उन्हाळा काढला, वळीव काढला, मिरगाचा पाऊसही बघितला. आता लिहितो.

मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली. शेवटची काही वर्षं पोरांना फायरिंग शिकवण्यात गेली. आता खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वाटेवर आमचं भाताचं शेत आणि थोडा काजू आहे. भात कापला की मोकळ्या वाफ्यात आमचा छोटा फायरिंग रेंज उभा राहतो. माझ्याकडची रायफल म्हणजे ०.१७७ बोअरची पीसीपी, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, एअर रायफल. नळीच्या तोंडाशी तिची ताकद साडेपंधरा ज्यूल भरते, म्हणजे २०१६ च्या शस्त्र नियमांतल्या २० ज्यूलच्या आत, त्यामुळे लायसनचा प्रश्न येत नाही. आमचं निशाण म्हणजे लोखंडी पत्र्याच्या चकत्या, बस्स. भीमगड अभयारण्य याच तालुक्यात आहे. कुणी पोरगा ससा नाहीतर कवडा मारायच्या बेतानं आला तर त्याला मी गेटातूनच परत पाठवतो. या यंत्रांच्या बाबतीत तर हे जास्तच स्पष्ट सांगायला पाहिजे.

माझी पुतणी बारावीला आहे. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं तेव्हापासून तिच्या डोक्यात रायफल बसली. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा पोरगा, म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातला. त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही, कॉम्प्युटर तर दूरच. डोळा, पीप साइट म्हणजे बारीक भोकाची माशी, आणि श्वास एवढंच. तिचा तो सराव वेगळा चालतो. रविवारी सकाळी मात्र आम्ही दोघं लांबचं मारतो, म्हणजे एअर रायफलच्या हिशेबानं लांबचं: ४०, ५०, ६८ आणि ७५ मीटर. ७५ मीटर ऐकून कुणाला किरकोळ वाटेल. पण शिशाची ही अर्ध्या ग्रॅमची, कमरेत बारीक असलेली गोळी ७५ मीटरवर जेवढी वाकते, तेवढी फौजेतली गोळी कित्येक पट लांब जाईपर्यंत वाकत नाही. म्हणून लांब पल्ल्याचं सगळं शास्त्र आमच्या एका वाफ्यात शिकता येतं.

घेतलेल्या वस्तू तीन. रायफलच्या रेलवर दुर्बिणीच्या पुढं बसणारा, ब्लूटूथवाला छोटा लेझर रेंजफाइंडर, २४,५०० रुपयांना. मोबाइलवरचं बॅलिस्टिक ॲप, म्हणजे गोळी कुठं जाईल त्याचं गणित करणारं, पैसे भरून घेतलेलं. आणि मुठीत मावेल असा पंख्याचा वाऱ्याचा मीटर, २,८०० रुपयांना. मॉडेलचं नाव मी घालत नाही. माझ्या हातात एकच नग आला. एका नगावरून सगळ्या कंपनीला नावं ठेवणं मला पटत नाही. जे सांगतोय ते या जातीच्या कुठल्याही जोडणीला कामाला येईल.

हे चालतं असं. रायफल रोखायची, रेंजफाइंडरला जोडलेलं वायरचं बटण करंगळीनं दाबायचं. तो डोळ्याला न दिसणारा किरण सोडतो, किरण निशाणावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो आणि ब्लूटूथवरून मोबाइलला पाठवतो. ॲपमध्ये गोळीचं वजन, वेग, दुर्बिणीची उंची, झिरो कितीवर केला आहे (म्हणजे नेम आणि गोळी किती मीटरवर जुळवली आहे), हवेचा दाब आणि तापमान आधीच भरलेलं असतं. ते दुर्बिणीचा टरेट, म्हणजे नेम वर-खाली करायची चकरी, किती क्लिक फिरवायचा ते दाखवतं. मोबाइल रायफलच्या डाव्या बाजूला क्लॅम्पवर असतो, म्हणजे गाल कुंद्यावरून उचलायला लागत नाही. बाहेरच्या देशांत याच्या पुढची सोय आहे. सिग सावरच्या बीडीएक्समध्ये रेंजफाइंडर थेट दुर्बिणीशी बोलतो आणि दुर्बिणीत जिथं धरायचं तिथं ठिपका पेटतो. बरिस एलिमिनेटरमध्ये लेझर दुर्बिणीच्या पोटातच आहे. अमेरिकेच्या लष्करानं जानेवारी २०२२ मध्ये आपल्या नव्या रायफलींसाठी व्होर्टेक्सला जे कंत्राट दिलं, त्या एक्सएम-१५७ दुर्बिणीत तर लेझर, हवामानाचे सेन्सर आणि गणित सगळं एकाच नळकांड्यात आहे. आमची जोडणी त्या मानानं गरिबाची. पण तत्त्व तेच, आणि दुखणीही बरीचशी तीच.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरोखरच पुष्कळ आहे.

आमच्या काळी ड्रॅगुनोव्ह या रशियन बनावटीच्या स्नायपर रायफलच्या पीएसओ-१ दुर्बिणीत डाव्या कोपऱ्यात खाली एक वाकडी रेघ असायची. उभ्या माणसाचे पाय आडव्या रेघेवर ठेवायचे, डोकं वाकड्या रेघेला कुठं लागतं ते बघायचं आणि तिथला आकडा वाचायचा. २ म्हणजे २००, १० म्हणजे १०००. माणूस एक मीटर ७० सेंटीमीटरचा धरलेला. बुटका असला, वाकलेला असला की अंतर चुकलं. त्यामुळं उस्ताद आधी डोळ्यानं अंदाज घ्यायला लावायचे आणि रेघेनं तो पडताळायचा. हा लेझर ती सगळी यातायात एका बटणात संपवतो. मी ३० मीटरचा फायबरचा टेप लावून सगळ्या चकत्या मोजल्या. लेझर आणि टेप यांच्यात एकदाही एक मीटरपेक्षा जास्त फरक आला नाही.

आणि या रायफलला अंतराचं महत्त्व किती, ते माझ्या वहीतून सांगतो. झिरो ३० मीटरला, वेग सेकंदाला २३८ मीटर. टरेटचा एक क्लिक ०.१ मिलचा (एक मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग). ५० मीटरला १७ क्लिक वर. ७० ला ४२. ७५ ला ४९. म्हणजे शेवटच्या पाच मीटरांतच सात क्लिक. पंचाहत्तरची चकती सत्तरची समजून मारली तर गोळी पाच सेंटीमीटर खाली जाते, आणि चकतीच आहे चार सेंटीमीटरची. नुसत्या डोळ्यानं ७० आणि ७५ ओळखून दाखवणारा माणूस मी नोकरीत असताना फार क्वचित बघितला. इथं लेझर पैसे वसूल करून देतो. पहिल्याच महिन्यात पुतणीनं ६८ ची चकती लागोपाठ आठ वेळा वाजवली. तो टण् आवाज ऐकून म्हैस धुणारे शेजारी बांधावर येऊन उभे राहिले.

आता त्रास.

रायफलवर बसवायचा म्हणजे लेझर आणि दुर्बिणीची शिस्त, म्हणजे रोख, एक करावी लागते. किरण दिसत नाही, मग कशी करायची? माहितीपत्रकात दोन ओळी आणि एक पुसट चित्र होतं. मी असं केलं: संध्याकाळी मोकळ्या माळावर एक विजेचा खांब निवडला, ज्याच्या मागं आभाळाशिवाय काही नाही. दुर्बिणीतली फुली, म्हणजे क्रॉस, खांबाच्या डावीकडून हळूहळू उजवीकडं सरकवत बटण दाबत राहिलो. अंतर कुठं उमटायला लागतं आणि कुठं बंद होतं ते बघितलं, आणि दोन्हींच्या मधोमध खांब येईपर्यंत बाजूचा स्क्रू फिरवला. मग खांबाच्या टोकावर वर-खाली तसंच. दीड तास गेला. पण हे केल्याशिवाय ही वस्तू रायफलवर लावण्यात काही अर्थ नाही, कारण तुम्ही बघताय एकीकडं आणि मोजताय दुसरीकडं, असं होतं. पीसीपीला धक्का नसल्यामुळं ही शिस्त टिकली. स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर ती हलायची भीती मोठी आहे, त्या बंदुकीवर मी हे लावणार नाही.

दुसरं, किरण सुईसारखा बारीक नसतो. माझा ७५ मीटरवर वीतभर रुंद होतो. आमच्या वाफ्याच्या कडेला ऊस आहे. फाल्गुनात एकदा ६८ च्या चकतीवर बटण दाबलं, मोबाइलवर ४१ आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा ४१. मी मान उचलून बघितलं तर उसाचं एकच पान वाऱ्यानं वाकून आडवं आलं होतं, दुर्बिणीतून ते नुसतं हिरवट धुकं दिसत होतं. सेटिंगमध्ये ‘पहिलं’ आणि ‘शेवटचं’ असे दोन पर्याय असतात. ‘शेवटचं’ लावलं की पान सोडून मागचं मोजतो. पण मग चकती चुकली तर मागचा बांध मोजतो. आम्ही चकतीच्या मागं चार हातांवर मातीचा उंच बांध घातलाय. चिऱ्याच्या भिंतीसमोर कधी चकती लावू नका, गोळी उलटी येते. तर त्या बांधाचं आणि चकतीचं अंतर पाठ असेल तर आकडा बघूनच कळतं कशावरून आला. पावसात आणि सकाळच्या दाट धुक्यात हा लेझर निरुपयोगी आहे. थेंबावरून, धुक्यावरून किरण परत येतो आणि कधी ९ मीटर, कधी १४ मीटर असलं काहीतरी दाखवतो. आमच्याकडं जूनपासून चार महिने काय परिस्थिती असते ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

पण माझी खरी तक्रार आहे ती ब्लूटूथबद्दल, आणि ती मी जरा सविस्तर लिहितो.

जोडणी तुटते हे मी समजू शकतो. अँड्रॉइडच्या जुन्या फोनवर ब्लूटूथनं यंत्र शोधायला लोकेशन चालू लागतं, पुतणीनं ते शोधून काढेपर्यंत दोन रविवार वाया गेले. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपला झोपवतो, तेही सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं. पण जोडणी तुटल्यावर या ॲपच्या स्क्रीनवर मागचा आकडा तसाच राहतो. तसाच, तेवढाच ठळक, त्याच रंगात. कोपऱ्यातलं ज्वारीच्या दाण्याएवढं ब्लूटूथचं चिन्ह तेवढं फिकं होतं.

चैत्रातली गोष्ट. पुतणीनं ५० ची चकती पाडली, मग ६८ वर आली, बटण दाबलं. स्क्रीनवर १७ क्लिक. ती म्हणाली, “काका, सतरा.” मी वही लिहीत होतो, हूं म्हणालो. फायर. गोळी १५ सेंटीमीटर खाली, बांधाच्या मातीत. तिनं पुन्हा श्वास धरला, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा तिनं दोष स्वतःला दिला. म्हणाली, “माझा घोडा ओढला जातोय.” मग पुढच्या दहा गोळ्या तिनं बोट सुधारण्यात घालवल्या. बोट चांगलंच होतं! आकडा ५० मीटरचा होता, लेझरची जोडणी कधीच तुटली होती. मला राग आला तो यासाठी, की शिकणाऱ्या पोरीला यंत्रानं तिच्याच हातावर संशय घ्यायला लावला. फौजेत आम्ही पोराचा आत्मविश्वास महिना महिना खपून उभा करतो. तो असा एका शिळ्या आकड्यानं जाऊ नये.

मी विक्रेत्याला लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं, ॲप अपडेट करा. केलं, फरक नाही. ॲप बनवणाऱ्यांना माझी मागणी साधी आहे: पाच सेकंद नवीन आकडा आला नाही तर जुना पुसून टाका. रिकामी जागा दिसली की माणूस पुन्हा मोजतो.

तेव्हापासून आमचा नियम आहे, अंतर आणि क्लिक दोन्ही तोंडानं मोठ्यानं म्हणायचे. “अडुसष्ट, एकोणचाळीस.” वहीत चिकटवलेल्या कागदावर दुसरा बघतो आणि म्हणतो, “बरोबर.” मगच सेफ्टी काढायची. हा कागद ॲपवरून नाही, स्वतः मारून तयार केलेला.

ॲपमधल्या गणिताबद्दल एक गोष्ट इकडच्या लोकांनी लक्षात ठेवावी. ॲप हवेचा दाब विचारतं. बहुतेकजण मोबाइलच्या हवामानात बघून १०१० की काय असेल ते टाकतात. तो दाब समुद्रसपाटीला नेऊन सांगितलेला असतो. आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर वर. आपल्या अंगणात खरा दाब ९३० मिलिबारच्या आसपास असतो. हवा तेवढी पातळ, गोळीला अडवणूक तेवढी कमी. मी पहिले दोन आठवडे १०१० टाकून बसलो होतो आणि ७५ ला गोळी रोज दोन सेंटीमीटर वर लागत होती. दुर्बीण पुन्हा झिरो केली, गोळ्यांचा डबा बदलला, शेवटी दाबाची चूक सापडली. ॲपमध्ये ‘स्टेशन प्रेशर’ म्हणजे जागेवरचा दाब असा वेगळा पर्याय होता. महागाच्या वाऱ्याच्या मीटरमध्ये, केस्ट्रेलसारख्यामध्ये, दाब जागेवरच मोजून थेट गणितात घेतला जातो, त्यामुळं ही चूक होतच नाही. पैसा असेल तर तो दुर्बिणीवर घालण्याआधी तिथं घाला असं माझं स्पष्ट मत आहे. अक्षांशाचा रकाना मात्र आमच्यासारख्यांनी सोडून द्यावा, ७५ मीटरवर पृथ्वीच्या फिरण्यानं काही बिघडत नाही. वेगाचा आकडा डब्यावरचा घेऊ नका. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, स्वतःच्या रायफलचा मोजा, आणि टाकीत हवा २०० बारवरून खाली येते तसा वेग कसा बदलतो तेही एकदा लिहून काढा.

आणि वारं. वारं हाच या सगळ्याचा राजा आहे. बाजूनं सेकंदाला दोन मीटरचं वारं, म्हणजे तोंडावर जेमतेम जाणवेल एवढं, ते ५० मीटरला माझी गोळी साडेसहा-सात सेंटीमीटर ढकलतं आणि ७५ ला तब्बल १६. अंतर दीडपट झालं आणि ढकलणं दुपटीच्या वर गेलं. ॲपमध्ये वाऱ्याला एकच रकाना. तुम्ही जिथं बसलाय तिथलं वारं त्यात भरायचं. आमच्या बसायच्या जागी मागं काजू आणि घराची भिंत, आडोसा. मीटर शून्य दाखवतो. तीस पावलांवर काजू संपतो आणि पश्चिमेकडून, चोर्ल्याच्या बाजूनं येणारं वारं मोकळं सुटतं. ॲप म्हणतं बाजूला शून्य धर. चकतीजवळची चिंधी आडवी झालेली असते. मुठीतला मीटर, कितीही भारी असू दे, स्वतःजवळचंच वारं सांगतो.

मग आम्ही २५ पावलांवर, ५० वर आणि चकतीशी अशा तीन काठ्यांना लुगड्याच्या पातळ चिंध्या बांधल्या. पुतणीनं मीटर घेऊन एकेका चिंधीपाशी उभं राहून, चिंधी किती उचलली की किती वारं, हे वहीत चितारलं. ही त्या २,८०० च्या मीटरची सगळ्यात मोठी कमाई: त्यानं आम्हाला चिंधी वाचायला शिकवली. आता तो बहुतेक वेळ खिशातच असतो.

आमच्या शेजारचे मल्लाप्पा बांधाच्या पलीकडं असतात, त्यांची भाषा कन्नड. त्यांना ॲप माहीत नाही, मिल माहीत नाही. पण जन्मभर उफणणी केलेला माणूस. वारं पडायच्या आधी त्यांना कळतं. ते खळ्यावरून हाक मारतात, “गाळी निंतैती, होडीरी!” वारं थांबलं, मारा. पुतणी तोवर आकडा म्हणून, क्लिक लावून, गाल टेकवून तयार असते. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत गोळी गेली की ७५ ची चकती वाजते.

आठ महिन्यांनंतर आमच्याकडं काय उरलं ते सांगतो. लेझर रायफलवरच आहे आणि तो राहील. त्याचा स्वतःचा बारका पडदा आहे, त्यावर अंतर दिसतं. आम्ही तेच वाचतो. ब्लूटूथ बंद करून ठेवलंय. मोबाइलचा क्लॅम्प रायफलवरून काढला, त्यानं वजनही डावीकडं कलत होतं आणि पोरीची नजर सारखी पडद्याकडं जायची. ॲप घरी वापरतो, शनिवारी रात्री दाब आणि तापमान घालून कागद ताजा करायला. जोडणीसाठी म्हणून जादा पैसे देऊ नका. त्याच पैशात चांगला लेझर आणि क्रोनोग्राफ येतो. पाच-सहाशे मीटर मारणाऱ्याला, अंगात केस्ट्रेलसारखा मीटर असलेली जोडणी ज्याच्याकडं आहे त्याला, कदाचित हिशेब वेगळा पडेल. आमच्या वाफ्याचा हिशेब हा असा आहे.

एक राहिलं. लेझरला सीआर-२ सेल लागतो. थंडीत आमचा एक सेल तीन महिने गेला, पण तो संपायच्या आधी इशारा फार उशिरा देतो, म्हणून जोडीचा खिशात ठेवा. खानापुरात मला कुठं मिळाला नाही. बेळगावात कॅमेऱ्याच्या दुकानात मिळतो, आणि घेताना पाकिटावरची तारीख बघून घ्या, मला पहिल्यांदा दोन वर्षं जुना दिला होता.